जेलच्या आडोशाला पेशी: पंचेचाळीस वर्षांचा मागोवा

समुद्री शैवालापासून मिळणारे अल्जिनेट पाण्यात विरघळवायचे, त्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके मिसळायचे आणि ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडायचे. थेंब पडताक्षणी गोठून मण्यासारखा होतो. त्याच्या जाळीतून ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत जातात, इन्सुलिन बाहेर येते. हल्लेखोर रोगप्रतिकारक पेशी मात्र बाहेरच अडतात. मण्यांवर आणखी एक पातळ पटल चढवून फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी 1980 मध्ये ते मधुमेही उंदरांच्या पोटात सोडले. दोन-तीन आठवडे साखर ताब्यात राहिली.

1994 मध्ये अमेरिकेत पॅट्रिक सून-शिआँग यांनी एका टाइप 1 रुग्णाचे इन्सुलिन सुटल्याचे जाहीर केले. पण त्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण आधीच झालेले होते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही चालू होती. श्रेय निव्वळ जेलला देता येईना. पुढे 2000 मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथे जेल वगैरे काही न वापरता सात रुग्ण इन्सुलिनमुक्त झाले; मोबदल्यात तीच औषधे कायमची मागे लागली.

खरी अडचण वेगळीच निघाली. आतल्या पेशी लपल्या, तरी जेल शरीराला परकेच वाटते. भक्षक पेशी मण्याला चिकटतात, त्यावर तंतूंचे आवरण वाढते आणि ऑक्सिजनअभावी आतल्या पेशी गुदमरतात.

यावर रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटाने नेट लावला. दीड मिलिमीटरचे मणी लहान मण्यांपेक्षा कमी डिवचतात, हे 2015 मध्ये दिसले. रासायनिक बदल केलेली 774 अल्जिनेटे तपासून निवडलेल्या जेलमध्ये मानवी मूळपेशींपासून बनवलेल्या बीटा पेशी उंदरांत 174 दिवस टिकल्या. याच धर्तीच्या मण्यांची हिमोफिलियाच्या रुग्णांवर चाचणी झाली, ती 2021 मध्ये थांबली. एका रुग्णाच्या पोटातून काढलेल्या मण्यांवर तेच तंतुमय आवरण होते.

2025 मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या उघड्या पेशींनी, औषधांच्या आधाराने, 12 पैकी 10 रुग्णांचे इन्सुलिन थांबवले. पेशी उपकरणात बंद करण्याचा तिचाच प्रयत्न त्याच वर्षी गुंडाळला गेला.

उंदरांवरचे यश आता पुरे झाले. माणसाच्या पोटात, औषधांविना, वर्षानंतरही पेशी जिवंत निघाल्या, तरच ते जेल कामाचे.