स्कूबा सिलिंडर: गेजवर २०० दिसलं म्हणजे झालं का?

मालवणला प्रवाळांचा सर्व्हे किंवा तत्सम पाण्याखालचं फील्डवर्क करायचा विचार असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी. सिलिंडर भरणं हे डाइव्ह शॉपचं काम, मान्य. पण ती हवा श्वासात आपण घेणार, म्हणून तीन गोष्टी स्वतः बघा.

१. शिक्का: सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रोस्टॅटिक टेस्टची तारीख कोरलेली असते. अमेरिकेत ही टेस्ट दर ५ वर्षांनी लागते. मुदत उलटली असेल तर सिलिंडर भरायचाच नाही.

२. वेग: हवा घाईने भरली की सिलिंडर तापतो. समजा, ५० अंश सेल्सिअसला गेज २०० बार दाखवतोय. तो २७ अंशांवर आला की? तापमान केल्विनमध्ये घ्या: २०० × ३००/३२३, म्हणजे साधारण १८६ बार. गळती कुठेच नाही, तरी १४ बार कमी! म्हणून सावकाश भरून घ्या आणि थंड झाल्यावर दाब पुन्हा मोजा.

३. हवा: सगळ्यात घातक हेच. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथे जनरेटरचा धूर असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. शिवाय ३० मीटर खोलीवर एकूण दाब ४ पट होतो, त्यामुळे १० पीपीएमचा आंशिक दाब पृष्ठभागावरच्या ४० पीपीएमइतका होतो. हवेच्या तपासणीचा ताजा रिपोर्ट मागा.

सिलिंडर नंबर, टेस्टची तारीख आणि थंड झाल्यावरचा दाब फील्डबुकात लिहा. शंका असेल तर त्या दिवशी डाइव्ह नको. डेटा उद्याही घेता येतो.