स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स यांना भौतिकशास्त्राची ओढ होती. परंतु त्या काळी तेथील विद्यापीठे स्त्रियांना प्रवेश देत नसत. आजारी आईवडिलांची शुश्रूषा व घरकाम सांभाळताना भांड्यातील पाण्यावरचा तेलकट तवंग त्यांनी बारकाईने निरखला.

पत्र्याचे उथळ पात्र काठोकाठ भरून त्यांनी त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की तवंग आक्रसे. तवंगाचे क्षेत्र एका ठरावीक मर्यादेखाली गेले की पाण्याचा पृष्ठताण एकाएकी घटतो, हे त्यांनी तराजूला टांगलेल्या बटणाच्या साहाय्याने मोजले. यामागचे कारण पुढे उलगडले: त्या मर्यादेला रेणू एकमेकांस भिडतात आणि पाण्याची ओढ असलेले टोक खाली ठेवून, एकाच रेणूच्या जाडीच्या थरात ओळीने उभे राहतात.

१८९१ मध्ये त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले यांनी ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध करविले. हीच पद्धत सुधारून आयर्विंग लँगम्यूर यांनी संशोधन केले; कॅथरीन ब्लॉजेट यांनी असे थर काचेवर एकावर एक चढवून चकाकी नसलेली काच घडविली.

१९३२ मध्ये लँगम्यूर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सत्तर वर्षांच्या पोकेल्स यांना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. उशिरा का होईना, ते दार उघडले.