उसन्या बळाचा खलनायक

जादूच्या आणि साहसाच्या गोष्टी तुम्हांला नक्कीच आवडत असतील. अशा गोष्टींत एक मोठा दुष्ट असतो. तो राक्षस असेल, जादूगार असेल किंवा जुलमी बादशहा असेल. पण त्याच्या आधी, पहिल्या काही पानांतच, आपल्याला आणखी एक जण भेटतो. तो तरुण असतो. त्याचे कपडे भरजरी आणि भाषा उर्मट असते. तो कुणा सरदाराचा किंवा वजिराचा लाडका मुलगा असतो. अति लाडाने बिघडलेल्या अशा मुलाला मराठीत 'शेफारलेला' म्हणतात. तो नायकाला छळतो, मग त्याची फजिती होते आणि आपण हसतो. त्याला आपण छोटा खलनायक म्हणू.

तो छोटा का? वयाने लहान म्हणून नव्हे. त्याचे बळ त्याचे स्वतःचे नसते, ते उसने असते म्हणून. राक्षसाची ताकद राक्षसाच्याच अंगात असते. या मुलाची ताकद मात्र बापाच्या नावात असते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बीळ खणतो एक आणि त्यात येऊन बसतो दुसराच!

'मृच्छकटिक' हे फार जुने संस्कृत नाटक आहे. ते शूद्रकाचे मानले जाते. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते संगीत नाटकाच्या रूपाने मराठीत आणले. ही जादूची गोष्ट नाही, पण आपला छोटा खलनायक येथे अगदी ठळक दिसतो. त्याचे नाव शकार. तो राजाचा मेहुणा आहे. त्याला विद्या नाही, पण पंडित म्हणून मिरवायची हौस आहे. म्हणून तो रामायण आणि महाभारत यांची खिचडी करतो आणि रावणाच्या गोष्टीत कुंतीला आणून बसवतो. प्रेक्षक पोट धरून हसतात.

पण पुढे हसू थांबते. वसंतसेना या नर्तकीने नकार दिला म्हणून शकार चिडतो. तिला मारण्याचा हुकूम तो आपल्या नोकराला करतो आणि त्यासाठी सोन्याची लालूच दाखवतो. नोकर साफ नाही म्हणतो. मग शकार स्वतःच तिचा गळा दाबतो. ती मेली असे समजून तो न्यायालयात जातो आणि खुनाचा आरोप चारुदत्त या सज्जन माणसावर ठेवतो. न्यायाधीश प्रथम त्याचे म्हणणे ऐकायला तयार नसतात. तेव्हा तो धमकी देतो, की मी राजाला सांगून तुम्हांला काढून टाकीन. ही धमकी पुरते. निर्दोष चारुदत्ताला मृत्युदंड होतो. वसंतसेना वाचलेली असते, ती वेळेवर येते, म्हणून त्याचे प्राण वाचतात. त्याच वेळी राजाची सत्ताही जाते. मग शकार कुणाचा मेहुणा? तो चारुदत्ताच्याच पाया पडतो आणि चारुदत्त त्याला सोडून देतो. माझ्या मते नाटकातील सर्वांत मोठा माणूस मात्र तो नोकर आहे.

आता हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतील ड्रेको मॅल्फॉय आठवा. तोही ऊठसूट बापाचे नाव सांगतो. बाप सगळ्या संघाला नवे झाडू घेऊन देतो आणि ड्रेकोला संघात जागा मिळते. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या भागात हाच बाप मुख्याध्यापकांनाही पदावरून दूर करवतो. शकाराची धमकी आणि ही गोष्ट यांत कितीतरी शतकांचे अंतर आहे, पण चाल तीच आहे. सहाव्या भागात, म्हणजे २००५ साली, बाप तुरुंगात असतो. ड्रेकोला खून करायला पाठवले जाते आणि त्याचा हात उचलत नाही. तेथे प्रथमच आपल्याला त्याची दया येते.

दास्तान-ए-अमीर हमजामधील बख्तक तुम्हांला ठाऊक असेलच. तो अल्कश वजिराचा नातू. तलवारीने तो हमजाला हरवू शकत नाही, म्हणून बादशहा नौशेरवानचे कान भरतो.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर अशी गोष्ट घडवायची असेल, तर मुरुडजवळचा जंजिरा किल्ला पाहा. तेथे सतराव्या शतकात एक वेगळीच रीत होती. प्रमुख वारला, की त्याची जागा मुलाला आपोआप मिळत नसे. ती आरमारातील पहिल्या अधिकाऱ्याकडे जाई. १६७० च्या सुमारास फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांना देण्याच्या विचारात होता. तेव्हा त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला कैद केले आणि सिद्दी संबूळ प्रमुख झाला. अशा किल्ल्यात नुसते बापाचे नाव किती दिवस चालणार? पुढे १७३३ मध्ये सिद्दी रसूल वारला, तेव्हा मात्र वारसांत तंटा पेटला. ती संधी साधून त्याच वर्षी पेशवा बाजीराव जंजिऱ्यावर चालून आला.

तर आता वही घ्या. तुमच्या गोष्टीतला सरदारपुत्र राजपुरीहून जंजिऱ्याकडे निघाला आहे. वारा फिरला आहे, शीड फाटले आहे. होडीत तो आणि म्हातारा तांडेल, असे दोघेच आहेत. बापाचे नाव वाऱ्याला सांगून उपयोग नाही. तांडेल त्याच्याकडे दोर फेकतो. तो दोर धरतो का, ते तुम्ही लिहा.