विकावयाच्या घराचे छायाचित्र

वडिलोपार्जित घर विकणे हा केवळ पैशाचा व्यवहार नसतो, हे ज्यांच्यावर तो प्रसंग आला आहे त्यांना सांगावयास नको. मुले पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशी स्थायिक झालेली असतात. बेळगाव, इंदूर अथवा बडोदे येथील घर सांभाळणारे हात थकलेले असतात. आणि अखेर एके दिवशी घर विकावयाचे ठरते. पूर्वी अशा वेळी दलाल गिऱ्हाइकाला घेऊनच दारात येत असे. आज बहुधा गिऱ्हाइकाच्या आधी छायाचित्रे प्रवास करतात. ती मोबाइलवर पाहूनच पुष्कळ लोक घर पाहावयास जावे की नाही हे ठरवितात. म्हणून छायाचित्रे काढण्यापूर्वी घराची तयारी कशी करावी, याचा आज विचार करू.

पहिली गोष्ट अशी की, एकही वस्तू हलविण्यापूर्वी घर जसे आहे तसे टिपून ठेवावे. ओसरीवरचा झोपाळा, माजघरातील फडताळ, मुलांची उंची दाखविणाऱ्या भिंतीवरील पेन्सिलीच्या रेघा, आजीची नेहमीची खुर्ची, ही सारी चित्रे कुटुंबासाठी असावीत. ती गिऱ्हाइकाला दाखवावयाची नाहीत. एकदा हा ठेवा जपला, म्हणजे पुढची आवराआवर करताना घरातील वृद्धांचे मन फारसे दुखावत नाही.

त्यानंतर आवराआवर. घर घेणारा मनुष्य त्या खोलीत आपला संसार मांडून पाहत असतो. तेथे आपल्या संसाराची दाटी असली, तर त्याला खोलीच दिसत नाही. स्वयंपाकघरातील ओट्यावरचे डबे, ओली फडकी, न्हाणीघरातील बादल्या व साबण, दोरीवरचे कपडे, दाराशी पडलेल्या चपला दूर कराव्यात. मात्र खोली अगदी रिकामीही करू नये. एखादे टेबल किंवा खाट असली, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेला मापाचा आधार मिळतो. देव्हारा, क्रूस, तसबिरी आदराने काढून ठेवाव्यात की राहू द्याव्यात, हे घरच्यांनी ठरवावे. परंतु मुलांची छायाचित्रे, औषधे, बँकेचे कागद, खिळ्याला टांगलेल्या किल्ल्या यांतले काहीही चित्रात येऊ देऊ नये. ही चित्रे किती अनोळखी हातांत जातील, याचा नेम नसतो.

आता प्रकाशाविषयी. आपला डोळा उजेड व अंधार यांच्याशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ते तितकेसे साधत नाही. खिडकीतून ऊन थेट आत येत असेल, तर खिडकी पांढरीफेक तरी दिसते, नाही तर खोली काळोखी. यास्तव पूर्वेकडील खोल्यांची चित्रे दुपारनंतर व पश्चिमेकडील खोल्यांची सकाळी घ्यावीत. दर्शनी भागाचा नियम याच्या उलट आहे. त्यावर ऊन पडलेले असतानाच तो खुलतो. पूर्वाभिमुख घराचे चित्र सकाळीच काढावे. पडदे सारावेत, काचा पुसाव्यात. पिवळे व पांढरे दिवे एकदम लावू नयेत. भिंतींवर दोन रंगांच्या छटा उमटतात. पंखे बंद ठेवावेत, आणि आरशात छायाचित्रकार स्वतःच दिसत नाही ना, हेही पाहावे.

इमारतींच्या छायाचित्रणाची परंपरा आपल्याला परकी नाही. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असता लाला दीनदयाळ छायाचित्रणाकडे वळले, आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळचे अवजड कॅमेरे तिकाटण्यावर स्थिर उभे करावे लागत. आज मोबाइल हातात सहज मावतो, म्हणून आपण तो कसाही तिरका धरतो. मग भिंती कललेल्या दिसतात. कॅमेरा जमिनीपासून सुमारे ४ ते ४॥ फुटांवर, सरळ व स्थिर धरावा आणि खोलीच्या कोपऱ्यातून चित्र घ्यावे, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगातून १० फूट बाय १२ फुटांची खोली दिवाणखान्याएवढी भासते. गिऱ्हाईक त्या भासावर विसंबून येते, आणि उंबरठ्यावरच त्याचा हिरमोड होतो. एकदा मनात शंका शिरली, की मग कागदपत्रे कितीही चोख असोत, त्याला प्रत्येक भिंत संशयास्पद वाटू लागते. म्हणून चित्राखाली खोलीची लांबीरुंदी मोजून लिहावी.

ओलीविषयीही हेच. भिंतीत मुरलेले पाणी सुकताना क्षार मागे ठेवते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. चित्रापुरता त्यावर रंग दिला, तर भिंत काही दिवस शोभते. परंतु पाणी मुरतच राहिल्यामुळे पुढे रंगाचे पोपडे सुटू लागतात. फुटकी कौले बदलणे, पन्हळ दुरुस्त करणे ही तयारी होय. डाग झाकणे ही तयारी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला माहीत असलेला परंतु खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष, वेगळा करार नसल्यास, विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. तो न सांगणे कायदा कपटाचे मानतो. दुरुस्ती परवडत नसेल, तर त्या भिंतीचेही चित्र द्यावे व किमतीत त्याचा विचार करावा. दोष ठाऊक असूनही जो येतो, तो बहुधा खरोखरीच घर घेणारा असतो.

ज्या घराने दोन-तीन पिढ्यांना आसरा दिला, त्याला निरोप देताना त्याच्या नावावर खोटेपणा जमा होऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. नवा मालक दारात उभा राहून म्हणाला, ‘चित्रात पाहिले तसेच आहे की हो!’, तर आपली तयारी पुरती झाली असे समजावे.