हँडल थरथरते, दोष कोठे?

पावसाळा सरत आला की नगर जिल्ह्यातील रस्त्यांवर लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींची वर्दळ वाढते. कोल्हार-घोटी रस्त्याने संगमनेर, अकोले, राजूर मागे टाकत कोणी भंडारदऱ्याला जातो, कोणी शिर्डी आणि शनिशिंगणापूरचे दर्शन एकाच दिवसात उरकतो, तर कोणी नगर-कल्याण रस्त्याने माळशेज घाटाची वाट धरतो. अशा प्रवासात एक अनुभव अनेकांना येतो. सरळ, मोकळा रस्ता लागतो, वेग ताशी सत्तरच्या पुढे जातो आणि हँडल हातात थरथरू लागते. वेग कमी केला की थरथर थांबते आणि स्वारही ती विसरून जातो. पुढे कधीतरी गॅरेजमध्ये 'पुढचे चाक हलते' एवढेच सांगितले जाते. मग कधी बेअरिंग, कधी टायर, कधी बॉल रेसर बदलला जातो. खर्च होतो, थरथर मात्र कायम राहते.

थरथर हे तापासारखे लक्षण आहे. वैद्य औषध देण्यापूर्वी ताप केव्हा येतो, केव्हा उतरतो, हे विचारतो. दुचाकीच्या बाबतीतही पाना हाती घेण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे मिळवली, तर निम्मे निदान रस्त्यावरच होते.

चार प्रश्न

पहिला प्रश्न वेगाचा. थरथर ठरावीक वेगालाच येते की सर्व वेगांना? दुसरा प्रश्न ब्रेकचा. ती केवळ पुढचा ब्रेक दाबल्यावर जाणवते काय? तिसरा प्रश्न इंजिनचा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागून वाहन येत नाही याची खात्री करून, त्याच वेगात क्लच दाबला तर थरथर उरते की जाते? चौथा प्रश्न भाराचा. एकटे असताना गाडी शांत चालते आणि मागे माणूस व सामान असतानाच हलते, असे तर होत नाही ना?

यांतील तिसरा प्रश्न फार उपयोगी आहे. पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाचा घेर साधारणतः दोन मीटर असतो. ताशी ७२ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २० मीटर, अर्थात चाकाच्या सेकंदाला १० फेऱ्या. त्याच वेळी इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्या सेकंदाला ५० होतात. म्हणून इंजिनचा कंप हाताला बारीक झिणझिण्यांसारखा लागतो आणि गिअर बदलला की तोही बदलतो. चाकाचा कंप जाड, ठोक्याठोक्याचा असतो. गिअर कोणताही असो, तो वेगाशीच बांधलेला राहतो. हँडलऐवजी आसनाखाली किंवा पायांखाली हलल्यासारखे वाटत असेल, तर प्रथम मागच्या चाकाकडे पाहावे.

वीस ग्रॅमचा प्रताप

ठरावीक वेगालाच येणाऱ्या थरथरीमागे बहुधा चाकाचा असमतोल असतो. रिमजवळ, मध्यापासून २२ सेंटिमीटरवर केवळ २० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असले, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाला ते सुमारे पावणेदोन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढते आणि हा ओढा सेकंदाला दहा वेळा दिशा बदलतो. वेग १०८ वर गेला की जोर चार किलोच्या घरात पोहोचतो. वेग दीडपट झाला, तर जोर सव्वादोनपट होतो, असा हा हिशेब आहे.

हे वीस ग्रॅम येतात कोठून? चाक समतोल करताना बसवलेले छोटे वजन निखळून पडलेले असते, किंवा टायर बसवताना त्याचा हलका भाग व्हॉल्व्हजवळ आणलेला नसतो. अनेक टायरांवर हा हलका भाग दाखवणारा पिवळा ठिपका असतो. आपल्याकडे आणखी एक साधे कारण आढळते, ते म्हणजे चिखल. नेवासे-शेवगावकडील काळ्या मातीच्या शेतरस्त्यावरून ओल्या दिवसांत गाडी आणली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला आणि आऱ्यांच्या मुळाशी घट्ट बसतो. दुसऱ्या दिवशी तो वाळतो, त्यातला काही भाग गळून पडतो आणि उरलेला ढेकूळ चाकाला एका बाजूने जड करतो. अशा वेळी बेअरिंग बदलण्यात अर्थ नसतो. पाण्याची बादली आणि ब्रश पुरेसा होतो.

घरी करता येण्याजोगी तपासणी

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. सुरुवात हवेपासून करावी. गाडी चालवल्यावर टायर तापतो आणि दाब वाढलेला दिसतो, म्हणून टायर थंड असताना दाब मोजावा आणि तो गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. एकट्यासाठी आणि जोडीने प्रवास करण्यासाठी हे आकडे वेगवेगळे असू शकतात.

त्यानंतर टायर पाहावा. पृष्ठभागावरून तळहात फिरवल्यास उंचसखल लाटा जाणवल्या, तर टायर असमान झिजला आहे. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावाची रेषा असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. रस्त्याकडेच्या दुकानात घाईने पंक्चर काढल्यानंतर टायर एखाद्या जागी नीट बसत नाही, हे या रेषेवरून लगेच ओळखता येते. टायरच्या बाजूवर चार अंकी खूणही असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच शिल्लक असली, तरी जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते.

आता गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि सहकाऱ्याला मागचा भाग दाबून पुढचे चाक अधांतरी धरायला सांगावे. चिमट्याला एक काडी अशी बांधावी, की तिचे टोक रिमच्या अगदी जवळ येईल. चाक हळूहळू फिरवून अंतर पाहावे. अनेक पुस्तिकांत रिमचा आऊट २ मिलिमीटरपर्यंत चालतो, त्यापुढे तो काढावा लागतो. आऱ्यांचे चाक असेल, तर प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकेच टिचकी मारावी. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. आरे स्वतः आवळण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एक आरा आवळला की रिम दुसरीकडे सरकते. हे काम जाणकार कारागिराचेच आहे.

त्याच स्थितीत चाक दोन्ही हातांनी समोरासमोर धरून आडवे हलवावे. 'टक्' असा खेळ जाणवला, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. चिमट्याची खालची दोन्ही टोके धरून मागेपुढे ओढल्यावर खेळ जाणवला, तर बॉल रेसर सैल आहे. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. अगदी मधोमध ते खाचेत अडकल्यासारखे वाटत असेल, तर गोळ्यांनी वाटीला घर केले आहे. खड्ड्यांतून वर्षानुवर्षे चाललेल्या गाड्यांत हा दोष सर्रास दिसतो. अशा वेळी नुसते आवळून भागत नाही. अति आवळलेल्या हँडलमुळे गाडी मंद वेगात भरकटू लागते.

ब्रेक आणि सामान

थरथर ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर टायर आणि समतोल बाजूला ठेवून डिस्क तपासावी. माळशेजसारख्या घाटात सतत पुढचा ब्रेक दाबून उतरल्यास डिस्क फार तापते. ती किंचित वाकते किंवा पॅडचा थर तिच्यावर जागोजागी कमी-अधिक चिकटतो. मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांचा फरकही हाताला कळतो. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनच्या रोधाचा उपयोग करणे, हा यावरचा खरा प्रतिबंध आहे.

भार असतानाच गाडी हलत असेल, तर दोष बहुधा बांधणीत असतो. जड पिशव्या मागच्या आसापलीकडे लटकल्या की पुढचे चाक हलके होते आणि हँडलची स्थिरता घटते. जड वस्तू खाली व पुढे बांधाव्यात, दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे आणि मागचे शॉकअप भारानुसार कडक करावे.

वॉबल: खरा धोका

या सर्वांहून वेगळा आणि गंभीर प्रकार म्हणजे वॉबल. यात हँडल सेकंदाला सहा ते दहा वेळा डावीकडे-उजवीकडे झटके घेते आणि ते झटके आपोआप वाढू शकतात. ढकलगाडीचे पुढचे चाक अचानक फडफडते, तसाच हा प्रकार. ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडताना वॉबल आणि गाडीचे मंद हेलकावे हे दोन निरनिराळे प्रकार असल्याचे दाखवले. झिजलेला टायर, सैल बॉल रेसर आणि मागे लादलेले ओझे एकत्र आले की वॉबलला निमंत्रण मिळते. शेजारून उसाचा ट्रॅक्टर जात असताना असा झटका आला, तर काय होईल, हे सांगायला नको.

असा प्रसंग आलाच, तर पुढचा ब्रेक जोरात दाबू नये आणि हँडल ताकदीने आवळू नये. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, शरीर किंचित पुढे झुकवावे, थ्रॉटल हळूहळू कमी करावा आणि वेग पूर्ण उतरल्यावर रस्त्याच्या कडेला थांबावे. हात सोडून हँडल हलते का, हे रस्त्यावर पाहणेही धोक्याचे आहे.

एका वेळी एकच बदल

नगर शहर, ज्याचे नामांतर २०२४ साली अहिल्यानगर झाले, वाहनांच्या चाचण्यांना अपरिचित नाही. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आणि तिचे चाचणीमार्ग येथेच आहेत. तेथील यंत्रे आपल्यापाशी नसली, तरी कोणत्याही चाचणीचे मूळ तत्त्व आपल्यालाही पाळता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पाहावे आणि निष्कर्ष वहीत लिहावा. हवा, टायर आणि बॉल रेसर एकाच दिवशी बदलले, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर 'चाक हलते' एवढेच न सांगता 'ताशी ७० ते ८०च्या दरम्यान, क्लच दाबला तरी, ब्रेक न लावता, एकटा असतानाही हँडल थरथरते' असे सांगावे. चांगल्या कारागिराला या एका वाक्यात इंजिन, डिस्क आणि सामान हे तिन्ही संशयित वगळता येतात. उरते ते चाक, टायर आणि बेअरिंग. मुख्य म्हणजे, वेग कमी केल्यावर थांबलेली थरथर बरी झाली, असे समजून पुढच्या घाटाला निघू नये.