कड्यावरचा म्हातारा, झाडावरची चकती

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, फ्रँकोनिया नॉच नावाच्या खिंडीत, कॅनन पर्वताच्या कड्यावर दगडाचा एक म्हातारा होता. ग्रॅनाइटचे पाच कंगोरे एकावर एक पुढे आलेले, त्यांतून कपाळ, नाक आणि हनुवटी साकारलेली. चेहऱ्याची उंची सुमारे 40 फूट आणि खालच्या प्रोफाइल तळ्यापासून तो 1,200 फुटांवर. 3 मे 2003 च्या मध्यरात्रीनंतर तो कोसळला. त्याचा फोटो छापलेली चिनीमातीची चकती मात्र दर नाताळात झाडावर चढते. अशा चकतीला पर्यटकांसाठीची स्वस्त वस्तू म्हणून हिणवणे सोपे आहे. पण त्या म्हाताऱ्याला फोटोइतके प्रामाणिक रूप दुसरे नव्हतेच. कड्याच्या जवळ गेले की नुसते खडक दिसत. तळ्याच्या बाजूने, ठरावीक कोनातूनच त्यांचा चेहरा जुळून येई. म्हणजे तो दगडात जेवढा होता तेवढाच पाहणाऱ्याच्या जागेतही होता. कोसळलेल्या राशीतला तुकडा घरी नेला तर हाती ग्रॅनाइट येईल, म्हातारा येणार नाही.

चकतीची घडणही समजून घेण्याजोगी आहे. चित्र आधी कागदावर उलटे छापतात. ते तसे छापले नाही, तर म्हातारा चकतीवर भलत्याच दिशेला पाहू लागेल. मग तो कागद चकतीवर ठेवून सुमारे 200 अंश सेल्सिअसला दाबतात. रंग वितळत नाही, त्याची थेट वाफ होते आणि ती चकतीवरच्या पातळ पॉलिमरच्या लेपात शिरते. थंड झाल्यावर रंग तिथेच अडकतो, म्हणून नखाने खरवडायला वर काही उरत नाही. त्याला धोका उन्हाचा. अशी चकती वर्षातले अकरा महिने खोक्यात, अंधारात असते, हे तिच्या पथ्यावरच पडते. पाहणाऱ्याच्याही पडते, कारण भिंतीवरच्या फोटोकडे काही दिवसांनी लक्षही जात नाही, आणि ही मात्र दर डिसेंबरला कागदातून नव्याने उलगडावी लागते.

डोंगराचा नाताळशी काय संबंध, असे कोणी विचारेल. जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर झाडासाठी काचेची फळे आणि अक्रोड फुंकत आले. समोर नसलेली वस्तू ऐन हिवाळ्यात फांदीवर आणण्याची रीत जुनी आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चित्र हाती आले की खऱ्या डोंगराची काळजी संपते. इथे मात्र उलटे घडले. 1945 मध्ये हा चेहरा राज्याचे बोधचिन्ह झाला, आणि 1958 मध्ये त्याच राज्याने वीस टन सिमेंट, पोलादी सळया आणि पाणी वळवणारी पन्हळ घालून त्याला धरून ठेवले. गोठणाऱ्या-वितळणाऱ्या पाण्यापुढे ते अखेर पुरे पडले नाही. पण एवढी धडपड झाली ती चित्र लोकांच्या मनात बसले होते म्हणूनच, असे मला वाटते.

कोसळल्यावर कड्यावर नकली चेहरा बसवायच्या सूचना आल्या. त्या मागे पडल्या. त्याऐवजी 2011 मध्ये तळ्याकाठी पोलादाचे उंच खांब उभे राहिले, त्यांच्यावर वेड्यावाकड्या कंगोऱ्यांसारखे उंचवटे आहेत. आपल्या उंचीप्रमाणे आखलेल्या जागी उभे राहून खांबाच्या कडेने वर पाहिले की ते उंचवटे कड्याला जाऊन भिडतात आणि म्हातारा पुन्हा दिसतो. एक पाऊल सरकले की उरतो तो पोलादाचा खांब.