गाडीचं नाक किती उंच?

२६ जुलै २००५ला सुरू झालेल्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी पडलं. मुंबईकरांनी रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्यांच्या आठवणी अजून निघतात. गॅरेजवाले मात्र अशा गाड्यांचे दोन गट करतात. एक, उभ्या जागी बुडालेली गाडी. तिच्या सीट, कार्पेट, वायरिंगचा निकाल लागतो, पण इंजिन बऱ्याचदा साफ करून वाचवता येतं. दुसरी, पाण्यातून हाकता हाकता बंद पडलेली गाडी. ही बाहेरून धडधाकट दिसते आणि नेमकं तिचं इंजिनच गेलेलं असतं. कारण चालतं इंजिन सतत श्वास ओढत असतं, आणि त्याच्या नाकापुढे हवेऐवजी पाणी आलं तर तेही आत घेतं.

हा श्वास केवढा असतो? एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हिशेब केला तर लिटरभर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा जाते. म्हणजे ओढ चांगलीच असते. आता दुसरा हिशेब. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. दाबाचं प्रमाण दहास एक धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३३ मिलिलिटर असते. डिझेल इंजिनात दाब जास्त, त्यामुळे ही जागा आणखी कमी. हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलं जात नाही. त्या जागेत मावणार नाही इतकं पाणी, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे, एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन वर येताना अडतो. इंजिन वेगात फिरत असेल तर तो जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. कधी कधी तो तुटून ब्लॉकला भोकही पाडतो. मेकॅनिक याला ‘हायड्रोलॉक’ म्हणतात आणि त्यांचा चेहरा पाहूनच बिलाचा अंदाज येतो.

गंमत म्हणजे बहुतेकांना भीती वाटते ती सायलेन्सरची. पाणी मागून शिरेल म्हणून ते एक्सिलरेटर दाबून इंजिन गरगरवत पाण्यातून गाडी काढतात. चालू इंजिनाचा धूर ते पाणी बाहेर ढकलत असतो, तिथून सहसा दगा होत नाही. उलट आरपीएम जितके जास्त, तितकी पुढून ओढ जास्त. शिवाय वेगामुळे बंपरपुढे उठणारी लाट थेट बोनेटपर्यंत चढते.

गाडी बनवणाऱ्या कंपनीनं या सगळ्याचा विचार केलेला असतो. बोनेट उघडून एअर फिल्टरच्या काळ्या डब्यापासून पुढे जाणारी नळी पाहा. बहुतेक गाड्यांत तिचं तोंड जाळीच्या मागे, वरच्या पट्टीजवळ, शक्य तितकं उंच असतं. तिथे बाहेरची तुलनेनं गार हवा मिळते आणि चाकांचा चिखल सहसा पोचत नाही. वाटेत एखादा रिकामा फुगीर कप्पा दिसतो, तो आवाज दाबण्यासाठी असतो. अनेक गाड्यांत डब्याच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकही ठेवलेलं असतं. ही रचना दिसायला नीरस आहे, पण विचारपूर्वक केलेली आहे.

हौशी मंडळींना नेमकी हीच नीरसता खुपते. ‘कोल्ड एअर इनटेक’ या किटमध्ये डबा काढून त्याजागी गुळगुळीत नळी आणि टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर बसवतात. तत्त्व बरोबर आहे. बोनेटखालची ६० अंशांची हवा घेण्याऐवजी बाहेरची ३० अंशांची घेतली, तर ती सुमारे दहा टक्के अधिक दाट असते. त्यात ऑक्सिजन जास्त. अडचण अशी की गार हवेच्या शोधात हा फिल्टर खाली, बंपरच्या कोपऱ्यात किंवा चाकाशेजारच्या पोकळीत नेऊन ठेवतात. म्हणजे कंपनीनं वर ठेवलेलं नाक आपण गुडघ्याशी आणतो. आणि कंपनीची नळी आधीच बाहेरची हवा घेत असेल, तर कमाई बहुतेक आवाजाचीच होते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरात हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

ज्यांनी तो केलाच आहे त्यांनी पहिलं बघावं ते चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर. त्याच्या क्लिपा स्पीडब्रेकरवर घासून, खड्ड्यात आपटून निघतात आणि बऱ्याच जणांना ते कळतही नाही. ते अस्तर आणि बंपरखालचा गार्ड जागेवर असेल तर खडी, चिखल, उसाचं पाचट फिल्टरवर आदळत नाही. दुसरा उपाय फिल्टरवर चढवायच्या पाणी झटकणाऱ्या कापडी खोळीचा. तिनं शिंतोडे अडतात, पण फिल्टर बुडाला तर ती काही करू शकत नाही. तिसरा उपाय बायपास व्हॉल्व्ह. नळीच्या वरच्या भागात तो बसवतात. खाली फिल्टर पाण्यात गेला की ओढ वाढते आणि व्हॉल्व्ह उघडून वरून हवा घेतो. टर्बो इंजिनाला मात्र तो चालत नाही. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे पावसाळ्यापुरता जुना डबा परत बसवणं. तो भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. छतापर्यंत नेलेला स्नॉर्कल जंगलातल्या जीपला शोभतो. पण तो किंवा दुसरा कुठलाही बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना त्यात मनाई आहे.

मूळ डबा असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. कागदी फिल्टर भिजला की इंजिन गुदमरतं आणि कागद फाटला की धूळ सरळ आत जाते. आपल्या धुळीतले वाळूचे कण सिलिंडरच्या भिंती घासत राहतात. तो तोटा दिसायला वर्षं लागतात. उंदीरही याच डब्यात घर करतात. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरणाऱ्यांनी तेल बेताचंच लावावं, नाहीतर ते पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

साचलेल्या पाण्यात गाडी घालण्याआधी पुढच्या गाडीचं चाक बघा. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर साध्या गाडीनं मागे फिरावं. महिंद्रा थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोली सांगते, लँड रोव्हर डिफेंडरसाठी ९००. पण हे आकडे संथ चालीसाठी आणि शांत पाण्यासाठी असतात. समोरून बस आली की तिची लाट हे हिशेब मोडते. पहिला गिअर, एकसारखी संथ गती आणि समोरचं मोठं वाहन जाईपर्यंत थांबणं, एवढंच हातात असतं.

तरीही गाडी पाण्यात बंद पडलीच, तर स्टार्टर मारू नका. एकदाही नाही. पहिल्या झटक्याला नुसतं अडकलेलं इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात मोडतं. टोचन लावून गॅरेजला न्या. तिथे आधी फिल्टर ओला आहे का, डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दिसतंय का ते बघतात. मग पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन फिरवतात आणि पाणी बाहेर टाकतात. वेळीच केलं तर काम नव्या फिल्टर-ऑइलवर भागू शकतं.

विम्याचं कलमही इथेच आडवं येतं. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं; पण पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला जाऊन मोडलेलं इंजिन ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारलं जाऊ शकतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कवच जादा पैसे भरून घ्यावं लागतं आणि त्याच्याही अटी असतात. पॉलिसीचं नूतनीकरण येत्या जूनच्या आधी असेल, तर एजंटला फोन करून तेवढं एक कलम मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.